गावची विहीर का आटते?
कारण-परिणामांचा गटपाठ (इयत्ता ६ वी व ७ वी, तासिका २)

उन्हाळ्यात गावची विहीर आटली, की पाण्यापायी आधी शाळा बुडते ती मुलींची. विहीर का आटली, असे वर्गात विचारल्यास बहुतेक मुले ‘पाऊस कमी पडला’ एवढेच सांगतात. उत्तर खोटे नाही. पण अपुरे आहे. एका परिणामास अनेक कारणे असतात, आणि कित्येकदा परिणामच उलटून आपल्या कारणास बळ देतो, ही गोष्ट मुलांच्या ध्यानी आणून देणे हा या पाठाचा उद्देश होय.

साहित्य : फळा, दोन रंगांचे खडू, कोऱ्या चिठ्ठ्या.

पूर्वतयारी : विहिरीस पूर्वी कोणत्या महिन्यापर्यंत पाणी असे, पहिली विंधन विहीर केव्हा झाली, ओलिताची पिके कोणती, हे मुलांनी आदल्या दिवशी वडीलधाऱ्यांस विचारून यावे.

पाठाची मांडणी : वर्गाचे पाच-सहा मुलांचे गट करावेत. प्रत्येक गटाने एका चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहावी : भूजलाची पातळी, पाण्याचा उपसा, विंधन विहिरींची खोली, उसाचे क्षेत्र, डोंगरावरील झाडे इत्यादी. चिठ्ठ्या जमिनीवर मांडून कारणाकडून परिणामाकडे खडूने बाण काढावेत. पहिली गोष्ट वाढल्याने दुसरीही वाढत असेल, तर बाणावर अधिक चिन्ह द्यावे. घटत असेल, तर उणे.

आता शिक्षकांनी तीन चिठ्ठ्यांकडे लक्ष वेधावे. विंधन विहिरी खोल गेल्या, की उपसा वाढतो. उपसा वाढला, की पातळी घटते. पातळी घटली, की शेतकरी आणखी खोल जातो. बाण फिरून मूळ जागी आले. या चक्रात उणे चिन्हे दोन, म्हणजे सम आहेत. असे चक्र स्वतःच स्वतःला वाढवीत नेते. उणे चिन्हे विषम असतील, तर चक्र स्वतःला आवर घालते.

उदाहरण : अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे सुमारे ४०० मिलिमीटर पावसाचे, अवर्षणप्रवण गाव. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. त्यानंतर गावाने श्रमदानाने बांधबंदिस्ती केली, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली, शेतीसाठी विंधन विहिरी घेण्यास बंदी घातली, आणि पावसाचे मोजमाप करून पाण्याचा ताळेबंद मांडण्याची प्रथा पाडली. हे फळ्यावर काढून पाहावे. पाणी कमी दिसले, की ओलिताचे क्षेत्र कमी. क्षेत्र कमी, की उपसा कमी. उपसा कमी, की पातळी सावरते. या चक्रात उणे चिन्ह एकच. गावाने आभाळातून अधिक पाऊस आणला नाही. पडलेला पाऊस मुरविला आणि एका बाणाची दिशा बदलली.

नेहमीच्या चुका : (१) एकापाठोपाठ घडणाऱ्या गोष्टींना मुले कार्यकारण समजतात. बेडूक ओरडतात म्हणून पाऊस पडत नाही, हे उदाहरण द्यावे. (२) विलंब ध्यानी येत नाही. कार्तिकात उपसलेले पाणी चैत्रात आठवते; अशा बाणावर दोन आडव्या रेघा माराव्यात. (३) मुले दोष माणसावर ढकलतात. ज्याच्या वडिलांची विंधन विहीर आहे, असा मुलगा वर्गात बसलेला असतो. त्याची मान खाली जाईल असा एकही शब्द उच्चारला जाऊ नये. दुसऱ्याची विहीर खोल गेल्यावर स्वतःचे उभे पीक वाचविण्यासाठी त्या शेतकऱ्यापुढे कोणता मार्ग उरतो, हा प्रश्न शिक्षकांनीच विचारावा. एकट्याला जे शहाणपणाचे वाटते, तेच सर्वांनी केल्यास सर्वांच्या नुकसानीचे ठरते, हे येथेच उमजते.

समारोप : प्रत्येक गटाने आपल्या नकाशातील असा एक बाण दाखवावा, जो गावाला बदलता येईल, आणि त्याचे कारण सांगावे. ‘पाऊस’ हे उत्तर स्वीकारू नये.

स्वाध्याय : शाळेजवळील विहिरीतील पाण्याची खोली दर पंधरवड्यास दोरीने मोजून तक्त्यात नोंदवावी. विहिरीजवळ शिक्षकांनी स्वतः उभे राहावे. वर्षअखेरीस हा तक्ता ग्रामसभेत मांडता आल्यास पाठ खऱ्या अर्थाने पूर्ण झाला असे समजावे.