तापमान बरोबर, तरी पिल्ले कवचातच का मरतात?

प्रश्न : पंखा असलेल्या छोट्या इन्क्युबेटरमध्ये एप्रिलमध्ये कोंबडीची व बदकाची अंडी एकाच दिवशी ठेवली. तापमान ३७.५ अंश राखले, तरी बरीच पिल्ले कवचातच मेली. काय चुकले?
– एक वाचक, सिन्नर (जि. नाशिक)

उत्तर : तापमान योग्य होते, दोष ओलाव्यात असावा. नाशिककडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत अंड्यातले पाणी कवचाच्या छिद्रांतून भराभर उडते, आतला पापुद्रा चिवट होऊन पिल्लाला चिकटतो आणि त्याला फिरून कवच फोडता येत नाही. न फुटलेले अंडे उघडून पाहा : पापुद्रा सुकून चिकटलेला असेल, तर कारण हेच. मग भरपूर पाणी ठेवले की झाले, असे मात्र नाही. अति ओलाव्याने हवेची पोकळी लहान राहते व पिल्लू आतच गुदमरते. म्हणून अंदाजापेक्षा वजनकाटा बरा : कोंबडीचे ५० ग्रॅमचे अंडे अठराव्या दिवशी ४४ ग्रॅमच्या आसपास यावे. आर्द्रता सुरुवातीला ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के ठेवा.

खुडूक कोंबडी कुठे आर्द्रता मोजते, असे कोणी म्हणेल. पण ती अंगाखाली अंडी झाकून वाऱ्यापासून जपते. यंत्रातला पंखा मात्र सतत हवा खेळवतो, त्यामुळे अंड्यातले पाणी अधिक उडते. शिवाय कोंबडीचे अंडे २१ दिवसांत फुटते, बदकाचे २८ दिवसांत. म्हणून एकच यंत्र असेल तर बदकाची अंडी सात दिवस आधी ठेवा. म्हणजे दोन्हींची फिरवाफिरव एकाच दिवशी थांबवून ओलावा एकदमच वाढवता येईल.