वारीची शिदोरी

धाराशिवहून आषाढी वारीला पायी निघालात? आधी हिशोब करा. चार दिवस, रोज दोन जेवणे, दर जेवणाला दोन भाकरी. म्हणजे माणशी सोळा.

लवकर नासते ते आधी खावे. पहिल्या दिवशी मऊ भाकरी. दुसऱ्या दिवशी दुधातली दशमी. पुढे कडक भाकरी. ती पातळ थापून पुरती वाळवली, तर पुष्कळ दिवस टिकते. सोबत शेंगाची कोरडी चटणी अन् गूळ घ्या. पाऊस येतो, शिदोरी मेणकापडात बांधा.

ओले कालवण नेऊ नका. आंबलेले खाल्ले की जुलाब लागतात. मग माणूस गळून जातो. जुलाब लागलेच, तर उकळून गार केलेले एक लिटर पाणी घ्या. त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ घाला. घोट घोट पाजा. दवाखाना गाठा.

सांगा पाहू : पाच माणसांना किती भाकरी लागतील?