शिवपुरीच्या वनात परतलेला वाघ

दर्पण कॉलनीतून पहाटे निघालेली आमची बस घाटीगाव, मोहना मागे टाकून शिवपुरीच्या वाटेस लागली. मुलांचा एकच प्रश्न होता, "सर, वाघ दिसेल ना?" कित्येक वर्षे ह्या वनात रानचा वाघ उरलाच नव्हता, हे त्यांना ठाऊक नव्हते.

शिवपुरी ही शिंदे राज्याची उन्हाळी राजधानी. भोवतालचे अरण्य दरबारच्या शिकारीसाठी राखलेले असे. 1911 साली बादशहा पंचम जॉर्ज हिंदुस्थानात आले, तेव्हा त्यांच्या मुक्कामासाठी येथील उंच टेकडीवर जॉर्ज कॅसल ही कोठी उभारली. पण बादशहा तेथे राहिलेच नाहीत! दरबारी खर्चाची ही तऱ्हा. उद्यानातील सख्यासागर तलावास माधवराव महाराजांच्या मातोश्री सख्याराजे यांचे नाव आहे. काठावर ऊन खात पडलेल्या मगरी पाहताना मुले क्षणभर वाघालाही विसरली.

स्वातंत्र्यानंतर हे वन राष्ट्रीय उद्यान झाले व त्यास माधवरावांचे नाव मिळाले. तथापि कालांतराने येथील वाघ नाहीसे झाले. वन्यजीव संरक्षणाचा कायदा 1972 चा आणि व्याघ्र प्रकल्प 1973 चा.  पुढे मार्च 2023 मध्ये दुसऱ्या वनांतून वाघ आणून येथे सोडले गेले. त्यांना बछडेही झाले आणि मार्च 2025 मध्ये हे देशाचे 58 वे व्याघ्र अभयारण्य ठरले.

परंतु विद्यार्थी मित्रहो, वाघ आणून सोडला की काम झाले, असे नव्हे. त्यास आठवड्यास साधारण एक मोठे जनावर लागते, म्हणजे वर्षाकाठी सुमारे पन्नास. कळप टिकायचा तर त्यातून दहावा हिस्साच खर्ची पडावा. तेव्हा एका वाघामागे पाचशे चितळ-सांबरे हवीत, ती जगण्यास गवत हवे, आणि गवतासाठी गुरांची चराई थांबावयास हवी. आतील गावे दुसरीकडे वसवावी लागतात ती यासाठीच. हे ऐकून एका मुलीने विचारले, "मग त्या लोकांना वाघाचा राग येत नसेल का?" प्रश्न रास्त होता. घर सोडणाऱ्यास पाणी, जमीन आणि शाळा मिळाली की नाही, यावर त्याचे उत्तर अवलंबून आहे, एवढेच मी म्हणालो.

पुढे एका वळणावर मार्गदर्शकाने गाडी थांबविली. धुळीत मोठा गोल ठसा उमटला होता: चार बोटे, मागे रुंद गादी, नखांची खूण नाही. कुत्र्याची नखे उमटतात. वाघ चालताना ती आत ओढून घेतो. इतक्यात झाडीतून चितळाची तीक्ष्ण हाक आली, मागोमाग वानर खेकसले. सारी बस श्वास रोखून बसली. दहा मिनिटे गेली. झाडी हलली नाही. मुले मात्र वहीत तो ठसा काढू लागली होती.