गव्हर्नर, मंत्री आणि विधानसभा

१९३५ च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता मिळाली. १९३७ च्या निवडणुकीत मध्य प्रांत व वऱ्हाडात काँग्रेसला बहुमत मिळून डॉ. नारायण भास्कर खरे मुख्यमंत्री झाले. परंतु मंत्र्यांतील मतभेद विकोपाला गेले आणि जुलै १९३८ मध्ये खऱ्यांनी राजीनामा दिला. जबलपूरचे द्वारकाप्रसाद मिश्र, रविशंकर शुक्ल व दुर्गाशंकर मेहता या मंत्र्यांनी मात्र पक्षाच्या आदेशावाचून पद सोडण्यास नकार दिला. तेव्हा गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी त्यांना बडतर्फ केले व खऱ्यांनाच पुन्हा पाचारण केले.

कायद्याने मंत्रिपद गव्हर्नरच्या मर्जीवर अवलंबून होते. म्हणून ही कृती बेकायदेशीर नव्हती. काँग्रेस कार्यसमितीच्या दबावामुळे खऱ्यांना काही दिवसांतच पायउतार व्हावे लागले आणि शुक्ल मुख्यमंत्री झाले. या साऱ्या घडामोडींत निवडून आलेल्या विधानसभेचा कौल मात्र कोणीच घेतला नाही.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १६४ मध्ये राज्यपालांच्या मर्जीचा उल्लेख कायम राहिला. पण मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार राहील, हेही तेथेच नमूद झाले. बहुमताची परीक्षा सभागृहातच व्हावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये बोम्मई खटल्यात स्पष्ट केले. १९३८ मध्ये जी उणीव राहिली, ती नेमकी हीच होती.