फुल्यांची गाणी रेडिओवर लावावीत का?

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी एका कॉलेजचा सामुदायिक रेडिओ आहे. माझा भाचा आठवड्यातून एकदा संध्याकाळी तिथं गाणी लावतो. मागच्या महिन्यात त्यानं एक मराठी रॅप लावलं, त्यात दोन कचकचीत शिव्या होत्या. केंद्र सांभाळणाऱ्या ताईंनी त्याला चांगलंच झापलं. तो म्हणतो, 'लोकांचा रेडिओ म्हणता, मग लोकांची भाषा का चालत नाही?' मला त्याचं पटतंही आणि पटत नाहीही. अशा गाण्यांना खरंच बंदी आहे का? आणि असावी का?

उत्तर : बंदी आहे. भाच्याला हे आधी सांगा, म्हणजे पुढचं बोलणं निवांत होईल. सामुदायिक रेडिओचा परवाना केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण खात्याकडून मिळतो. २००६ सालच्या धोरणानं कॉलेजांबरोबर स्वयंसेवी संस्थांनाही ही केंद्रं चालवता येऊ लागली. त्या धोरणात काय ऐकवायचं नाही याची यादी आहे, आणि अश्लील मजकूर तिच्यात आहे. प्रसारित झालेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावा लागतो, म्हणजे भाच्याच्या त्या दोन शिव्या बहुधा अजून केंद्रातल्या कॉम्प्युटरमध्ये सुखरूप असतील. नियम मोडला तर पहिल्या वेळी महिन्यापर्यंत, दुसऱ्या वेळी तीन महिन्यांपर्यंत प्रक्षेपण बंद करता येतं, त्यानंतर परवानाच जातो. शंभर वॉटच्या ट्रान्समीटरवर, तुटपुंज्या पैशांत चालणारं केंद्र महिनाभर मुकं राहिलं तर पुन्हा उभं राहणं कठीण. ताई झापतात त्या यासाठी.

तुमचा दुसरा प्रश्न अवघड आहे. त्यासाठी जरा अमेरिकेत जाऊन येऊ, कारण हा वाद तिथं अगदी कोर्टापर्यंत लढला गेला आहे.

न्यूयॉर्कला 'डब्ल्यूबीएआय' नावाचं श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणारं केंद्र आहे. १९७३ च्या ऑक्टोबरात एका दुपारी त्यांनी जॉर्ज कार्लिन या विनोदवीराचं एक स्वगत लावलं. रेडिओवर कोणते शब्द उच्चारायचे नाहीत, हाच त्याचा विषय, आणि ते शब्द तो पुन्हापुन्हा उच्चारत होता. मुलाला घेऊन गाडीतून चाललेल्या एका बापानं ते ऐकलं आणि तक्रार केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७८ साली पाच विरुद्ध चार मतांनी सरकारच्या बाजूनं निकाल लागला. न्यायाधीशांचा मुद्दा साधा होता : पुस्तक आपण हातात घेतो, रेडिओ मात्र न बोलावता घरात येतो, आणि कान लहान मुलांनाही असतात. पुढं तिथं रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत थोडी मोकळीक ठरली. आपल्या सामुदायिक रेडिओच्या नियमांत अशी रात्रीची सवलत नाही.

इथवर कुणालाही पटेल. मलाही पटतं. आपल्याकडं तर रेडिओ एकटा कुणी ऐकतच नाही. तो चहाच्या टपरीवर असतो, वडापच्या जीपमध्ये असतो, पिठाच्या गिरणीत असतो. गिरणीत दळण घेऊन उभी असलेली आजी काही कानांत बोटं घालून उभी राहणार नाही.

पण दुसरी गोष्ट ऐका. ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात 'केबू' नावाचा सामुदायिक रेडिओ आहे, १९६८ पासूनचा. १९९९ साली तिथल्या एका निवेदकानं सारा जोन्स या कवयित्रीचं 'युअर रेव्होल्यूशन' हे रॅप लावलं. शब्द उघडे होते, यात वाद नाही. पण ती बाई ते शब्द कुठून घेत होती? बायकांना वस्तू समजणाऱ्या पुरुष रॅपरांच्या गाजलेल्या गाण्यांतून. त्यांचेच शब्द उचलून ती त्यांना ठणकावत होती की असली क्रांती माझ्या अंगावर चालणार नाही. २००१ साली रेडिओवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगानं केबूला सात हजार डॉलरचा दंड प्रस्तावित केला. जोन्सबाई आयोगाविरुद्ध कोर्टात गेल्या. अखेर २००३ च्या फेब्रुवारीत आयोगानं दंड मागं घेतला, गाणं अश्लील नाही असं मान्य केलं.

तोवर जवळपास दोन वर्षं गेली होती. शब्द मोजणारा कारकून आणि गाणं ऐकणारा माणूस यांच्यात फरक पडतो तो इथं. ज्या गाण्यांवर ती बाई तुटून पडली होती, ती गाणी शब्द कापून, मध्ये 'टूं' वाजवून, भरदिवसा चालतच होती.

आता घरी येऊ. आपल्याकडं गाणं गाळण्याची हौस जुनी आहे. १९५२ मध्ये माहिती व प्रसारण मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे मोठे चाहते. हिंदी चित्रपटगीतं त्यांना उथळ आणि सवंग वाटत, म्हणून आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी काय केलं? काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला आणि अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' डोक्यावर घेतली. १९५७ साली विविध भारती सुरू करून सरकारला तीच गाणी परत आणावी लागली. तेव्हा बंदीनं लोकांची आवड सुधारते, असा माझा तरी समज नाही. आणि आज तुमच्या भाच्याच्या श्रोत्याला सिलोनही शोधावं लागत नाही. खिशातल्या मोबाइलवर ते रॅप फुल्यांशिवाय हजर आहे.

माझी चिंता वेगळीच आहे. सामुदायिक रेडिओचे निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत, असं धोरण सांगतं. म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीसारखी केंद्रं आपली वाटतात ती त्यामुळंच. मग निवेदक रेकॉर्डर घेऊन वस्तीवर गेला की त्याला काय ऐकायला मिळतं? जात्यावरच्या ओव्या मिळतात, अभंग मिळतात. आणि बायका मोकळ्या झाल्या की हळदीच्या रात्रीची चावट गाणीही मिळतात. कोकणात गेलात तर शिमग्याच्या बोंबा. लावणीचं तर विचारूच नका, तिची अर्धी गंमत आडपडद्यात आहे. नियमांच्या यादीत सूचक, आडून बोललेल्या गोष्टीही येतात, त्यामुळं घाबरट केंद्र हे सगळं 'नंतर बघू' असं नाव दिलेल्या फोल्डरमध्ये टाकतं, आणि ते 'नंतर' कधी उगवत नाही. ते म्हणणारी म्हातारी मात्र तोवर आपलं गाणं सोबत घेऊन जाते.

त्याच यादीत स्त्रीची अवहेलना करणारं काही नको, असंही लिहिलेलं आहे. ते कलम मात्र कुणी फारसं उघडत नाही. पोरगी नाही म्हणतेय आणि हिरो तिचा पिच्छा पुरवतोय, अशी किती गाणी दिवसभर वाजतात! शिवी एकही नसते, म्हणून चालतात.

तेव्हा विचाराल तर मी ताईंच्या बाजूनं आहे, पण सगळीच नाही. संध्याकाळी सात वाजता कचकचीत शिव्या नकोत. भाच्याला त्यात दडपशाही दिसत असेल तर त्याला गिरणीतल्या आजीसमोर ते गाणं मोठ्यानं म्हणून दाखवायला सांगा. पण 'लोकांची भाषा' हा त्याचा मुद्दा मोडीत काढू नका. ते रॅप दुष्काळाबद्दल आहे की पोरींच्या कमरेबद्दल, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझ्या लेखी सगळं त्यावर अवलंबून आहे. दुष्काळाबद्दल असेल तर गाणाऱ्या पोरालाच केंद्रावर बोलवा. पुष्कळ रॅपर एकाच गाण्याची दोन रूपं करतात, एक मोबाइलवरच्या मित्रांसाठी आणि एक चारचौघांसाठी. तो नव्या ओळी तिथंच बसून रचेल, आणि रचताना जो वाद होईल तोच अर्ध्या तासाचा उत्तम कार्यक्रम ठरेल. श्रोत्यांचे फोन घ्या, गिरणीवाल्याचाही घ्या.

आणि एवढ्या वेळा केंद्रावर जाणं होईलच, तर ताईंना एक विचारून या : हळदीच्या गाण्यांचं रेकॉर्डिंग त्यांनी कुठल्या फोल्डरमध्ये ठेवलंय?