सुगंधी तेलाचे कवच : ते कशाने उघडणार, हे आधी ठरवा

दुकानदार मंडळी कार्बन नसलेले बिलबुक रोज वापरतात. वरच्या पानावर लिहिले की खालच्या पानावर निळी अक्षरे उमटतात. वरच्या पानाच्या पाठीला डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य कुप्यांचा थर दिलेला असतो. प्रत्येक कुपीत तेलात विरघळलेले रंगहीन रसायन भरलेले असते. पेनच्या दाबाने कुपी फुटते, रसायन खालच्या पानावरील मातीच्या थराला लागते आणि रंग येतो. अमेरिकेच्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीने हा कागद १९५४ मध्ये बाजारात आणला. त्या कुपीचे कवच जिलेटिन आणि डिंक यांचे होते.

तीच युक्ती आता ओवा, लवंग, गवती चहा यांच्या तेलांसाठी वापरली जाते. आपल्या वाचकांपैकी बरेचजण अत्तर, मसाला, डिंक, जडीबुटी यांच्या व्यापारात आहेत. "जंतुनाशक तेलाची पावडर करून देतो, माल महिनोन्‌महिने काम करील" असे सांगणारे त्यांच्याकडेही येतात. अशा वेळी कोणते प्रश्न विचारायचे, हे माहीत असले पाहिजे.

प्रथम तेलाविषयी. ओव्याच्या दाण्यात साधारण २ ते ४ टक्के तेल असते. त्यातला मुख्य घटक थायमॉल, म्हणजेच बाजारातले ओव्याचे फूल. लवंगेच्या कळीत १५ ते २० टक्के तेल निघते व त्यात युजेनॉल सर्वांत जास्त. गवती चहाच्या तेलात सिट्रल ७० टक्क्यांच्या वर असते. हे पदार्थ स्निग्ध स्वभावाचे आहेत. जंतूच्या पेशीचे आवरणही स्निग्ध असते. तेलाचे रेणू त्यात शिरतात, आवरण गळके होते, आतले क्षार बाहेर येतात आणि पेशी मरते. काही जंतूंना बाहेरून आणखी एक आवरण असते. त्यांना मारायला जास्त तेल लागते. म्हणून "सर्व जंतूंवर सारखेच प्रभावी" असे कोणी छापले असेल तर तिथेच शंका घ्यावी.

तेल जंतू मारते, पण पुरेशा प्रमाणात जागेवर असेल तोपर्यंतच. आणि ते जागेवर राहत नाही. हवेत उडते, उजेड व प्राणवायूने बिघडते, पाण्यात मिसळत नाही. कापडावर शिंपडलेले तेल पहिल्या दिवशी डोके दुखेल इतके उग्र वाटते आणि काही दिवसांत नाहीसे होते. जंतू व बुरशी मात्र पुढच्या आठवड्यात परत येतात. म्हणजे सुरुवातीला गरजेपेक्षा जास्त माल खर्च होतो व गरज पडते तेव्हा काहीच उरत नाही. कवचाचा सगळा खटाटोप यासाठी आहे.

अत्तरवाल्यांना ही अडचण पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कनौजमध्ये डेगमध्ये फुले व पाणी उकळतात. निघालेली वाफ भपक्यात जाते, तिथे आधीपासून चंदनाचे तेल ठेवलेले असते. चंदनाचे तेल जड, सावकाश उडणारे. ते गुलाबाच्या हलक्या सुवासाला धरून ठेवते. कानात ठेवलेला फाया संध्याकाळपर्यंत दरवळतो तो यामुळे. चंदन महागल्यावर पुष्कळांनी लिक्विड पॅराफिन व डीओपीसारखे स्वस्त आधार वापरायला सुरुवात केली, आणि ग्राहकाला ते नाकाने कळले. पण चंदन नुसते धरून ठेवते, त्याला दार नसते. कवचाला दार असते. ते दार पाण्याने उघडायचे, दाबाने उघडायचे, उष्णतेने की हळूहळू आपोआप, हे बनवणाऱ्याला ठरवता येते.

सर्वांत प्रचलित व तुलनेने स्वस्त रीत म्हणजे स्प्रे ड्राइंग. दुधाची पावडर याच रीतीने करतात. डिंकाच्या किंवा माल्टोडेक्स्ट्रिनच्या पाण्यात तेल घुसळून बारीक थेंब करायचे आणि ते मिश्रण गरम हवेत फवारायचे. आत येणारी हवा १६० ते २०० अंश सेल्सियसची असते. हे ऐकून तेल उडून जाईल असे वाटते, पण पाणी उडताना थेंब थंड राहतो व बाहेरची साल क्षणात वाळते. साधारणपणे १ भाग तेलाला ४ भाग डिंक, असे प्रमाण धरतात. इथे डिंक म्हणजे सुदानकडून येणारा अरबी डिंक. आपला बाभळीचा डिंक त्याच कुळातला असला तरी तो माल वेगळा आहे. एकाच्या भावात दुसरा घेऊ नये.

या पावडरीची खरी अडचण अशी की डिंक पाण्यात पूर्ण विरघळतो. म्हणजे ओल लागताच दार सताड उघडते व तेल एकदम बाहेर येते. सूपच्या पाकिटासाठी, मसाल्याच्या मिश्रणासाठी हेच हवे असते. बाटलीत वर्षभर टिकावे आणि गरम पाण्यात पडताच सुटावे. पण "महिनाभर हळूहळू सुटणारे" म्हणून हाच माल विकला तर ती फसवणूक ठरेल. साठवण आणि सावकाश सोडणे ही दोन वेगळी कामे आहेत. आपल्या बाजारात ती सर्रास एक समजली जातात.

दुसरी रीत बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनची. हा स्टार्चपासून मिळणारा पदार्थ आहे. ग्लुकोजचे सात मणी गोल ओवावेत तशी त्याची कडी असते. बाहेरून पाण्याला मानवणारी, आतून तेलाला. तेलाचा एक रेणू कडीत जाऊन बसतो आणि ओल आली की पाणी त्याला ढकलून बाहेर काढते. इथे व्यापाऱ्याने कागद-पेन्सिल हाती घ्यावी. कडीचा रेणुभार ११३५, थायमॉलचा १५०. एका कडीत एक रेणू धरला तर १२८५ भागांत १५० भाग थायमॉल, म्हणजे सुमारे ११.७ टक्के. सगळ्या कड्या भरल्या तरी यापेक्षा जास्त बसत नाही. आता कोणी २५ टक्के थायमॉलची अशी पावडर देऊ केली, तर निम्म्याहून अधिक थायमॉल कडीबाहेर नुसते चिकटलेले आहे असे समजावे. ते काही दिवसांत उडणार आणि पैसे मात्र २५ टक्क्यांचे गेलेले असणार.

तिसरी रीत बिलबुकाची, जिलेटिन व डिंकाची. दोघांच्या कोमट द्रावणात तेल घुसळतात व आम्ल घालून पीएच ४ च्या आसपास आणतात. त्या वेळी जिलेटिनवर धन व डिंकावर ऋण विद्युतभार असतो. दोघे एकमेकांना ओढून तेलाच्या थेंबाभोवती साय धरतात. मग थंड करून ती साय घट्ट करतात. हे कवच पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून सावकाश सोडण्यासाठी चांगले. परंतु जिलेटिन कशाचे, हा प्रश्न आपल्याला विचारावाच लागतो. बाजारातले 'ए' प्रकारचे जिलेटिन पुष्कळदा डुकराच्या कातडीचे असते. 'बी' प्रकारचे जनावरांच्या हाडांचे वा कातड्याचे. माशांचेही मिळते. पुरवठादाराकडून मूळ स्रोताचे लेखी प्रमाणपत्र घ्यावे. आखाती देशांत माल पाठवायचा विचार असेल तर हलाल प्रमाणपत्राशिवाय बोलणीच पुढे जात नाहीत. तसेच साय घट्ट करायला कोणी ग्लुटाराल्डिहाइड वापरत असेल, तर तो माल खाण्याच्या वस्तूंजवळ आणू नये.

सर्वांत बोलके उदाहरण मात्र द्राक्षबागेतले आहे. इंग्लंडच्या ईडन रिसर्च या कंपनीने थायमॉल, जिरॅनिऑल व युजेनॉल ही तीन द्रव्ये यीस्टच्या रिकाम्या पेशींत भरली. युरोपीय संघाने २०१३ मध्ये या तिन्ही द्रव्यांना पीकसंरक्षणासाठी मान्यता दिली आणि त्यांचे औषध द्राक्षांवरील राखाडी बुरशीसाठी विकले जाते. यीस्टची पेशी आतून काढून टाकली की उरते ती पोकळ साल. तेल तिच्यात शिरून बसते. पान कोरडे आहे तोवर ते आत राहते, पानावर ओल धरली की बाहेर येऊ लागते. बुरशीला रुजायला हीच ओल लागते. म्हणजे शत्रू ज्या घडीला जागा होतो, त्याच घडीला दार उघडते. कवच निवडताना असा विचार झाला पाहिजे. नाशिक-सांगलीच्या बागाईतदारांना ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही.

आता मालाची पारख. पावडरीतले एकूण तेल किती, हे क्लेव्हेंजर उपकरणाने पाण्यासह उकळून मोजता येते. नुसत्या पृष्ठभागावरचे तेल हेक्झेनने झटकन धुऊन काढतात. एकूण तेलातून पृष्ठभागाचे वजा केले की कवचात खरोखर किती आहे ते कळते. समजा १ ग्रॅम पावडरीत २०० मिलिग्रॅम तेल आहे आणि त्यातले ६० पृष्ठभागावर आहे. मग दहा दिवसांच्या कामासाठी हाती १४० च राहिले. तेही रोज समान १४ सुटत नाही, आधी जास्त व शेवटी नाममात्र सुटते. शेवटच्या दिवशी सुटणारे तेल जंतूला पुरते का, हा विचारायचा प्रश्न आहे. पहिल्या दिवसाचा घमघमाट ऐकून सौदा करू नये.

प्रयोगशाळेचा अहवालही वाचता आला पाहिजे. जंतूंच्या बशीवर एक दिवस ठेवून केलेल्या चाचणीत साधे तेल नेहमी मोठे वर्तुळ दाखवते आणि चांगली कवचवाली पावडर लहान. कारण तिने आपला माल अजून सोडलेलाच नसतो. म्हणून एका दिवसाच्या अहवालावरून पावडर नापास करू नये आणि पासही. सातव्या, पंधराव्या, तिसाव्या दिवसाची चाचणी मागावी.

कायद्याची बाजू थोडक्यात. पाकिटावर "सुवासिक" लिहिणे वेगळे आणि "जंतू मारते" लिहिणे वेगळे. तसा दावा केला की औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० याचा संबंध येऊ शकतो. डास, धान्यातले किडे किंवा पिकावरील बुरशी यांचे नाव घेतले की कीटकनाशक कायदा, १९६८ खालची नोंदणी लागते. खाद्यपदार्थात घालायचे असेल तर एफएसएसएआयचे नियम आहेत. छपाईला देण्यापूर्वी मजकूर जाणकाराला दाखवावा.

स्प्रे ड्रायर विकत घेण्याची घाई करू नये. पुष्कळ कारखाने मजुरीवर माल सुकवून देतात. तेलांविषयी शिकायचे असेल तर लखनौची सीमॅप ही सरकारी संस्था आणि १९९१ मध्ये स्थापन झालेले कनौजचे सुगंध व सुरस विकास केंद्र यांच्याशी पत्रव्यवहार करावा. पहिला घाणा पाच-दहा किलोचाच काढावा. त्यातली काही पाकिटे सीलबंद व काही उघडी, अशी जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत किंवा कोकणात ठेवावीत आणि दर आठवड्याला त्यांतले तेल मोजावे. नुसत्या वजनावर जाऊ नये. पावसाळ्यात पावडर ओल ओढते, तेल जात असतानाही काटा तेवढाच राहतो.