शाळेचा संगणक : सुट्या भागांची निवड व अंदाजपत्रक



लोकवर्गणीतून संगणक जुळवावयाचा असल्यास तो कोणत्या कामासाठी हवा, हे प्रथम कागदावर लिहावे. निकालपत्रके करणे व वर्गात पाठांच्या चित्रफिती दाखविणे एवढेच काम असेल, तर स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाची आवश्यकता नाही. मात्र प्रोसेसर पारखून घ्यावा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकाअखेर ‘एफ’ हे अक्षर असते, त्यात चित्र दाखविण्याची अंगभूत सोय नसते. एका शाळेने अल्प बचतीसाठी असाच प्रोसेसर घेतला. जुळणी झाली, मुले भोवती जमली, परंतु पडदा काळाच राहिला. कार्डासाठी पुन्हा पालकांपुढे हात पसरावा लागला. त्या यादीवर माझीही सही होती, म्हणून हे लिहीत आहे.

यादी करताना पुढील क्रम ठेवावा :

१. प्रोसेसर व मदरबोर्ड यांचे सॉकेट एकच असावे. एएम ४ चा प्रोसेसर एलजीए १७०० मध्ये बसत नाही.

२. रॅम मदरबोर्डास अनुरूप घ्यावी. डीडीआर ४ च्या जागी डीडीआर ५ बसत नाही. वरील कामास ८ जीबी पुरते.

३. साठवणीसाठी एसएसडी घ्यावी. संगणक लवकर सुरू होतो.

४. पॉवर सप्लायमध्ये काटकसर करू नये. सर्व भागांस वीज तोच पुरवितो.

५. पडदा, कळफलक, माऊस व यूपीएस यांचा खर्च आरंभीच धरावा.

विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विनामूल्य लिनक्स घेतल्यास ती रक्कम वाचते.

दोन दुकानांची दरपत्रके ताडून पाहावीत, पावत्या जपाव्यात आणि हिशेब पालकसभेत वाचून दाखवावा.